आदराचा एस

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थांनी मुलाकडच्यांना सांगितलं, "मुलगी मॅट्रिकपर्यंत शिकलेली आहे." 'पर्यंत' हा मोठा सोयीचा शब्द आहे. सांगलीपर्यंत जाऊन आलो म्हणणारा माणूस गावात शिरला की वेशीवरूनच माघारी फिरला, हे कुणी विचारत नाही. मी वेशीवरून माघारी फिरलेली होते. गणितात सुटले, भूगोलात सुटले, आणि इंग्रजीने मला धरून ठेवलं ते कायमचंच.

पण सांगली शहरातली मुलगी कडेगावाजवळच्या उसाच्या गावात सून म्हणून येते तेव्हा तिला इंग्रजी येत नाही असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. मी आल्याच्या आठवड्यातच गल्लीतल्या बायका औषधाच्या बाटल्या घेऊन यायला लागल्या. मी बाटली उजेडात धरायची, भुवया आक्रसायची आणि म्हणायची, "जेवणानंतर घ्या." कुठलंही औषध जेवणानंतर घेतल्याने कुणाचं वाईट झाल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

तारांचं मात्र कठीण होतं. आमच्या गावात दर चार घरांआड एक मुलगा सैन्यात, त्यामुळे तारा येत. समोरच्या घरातल्या काकू एकदा तार घेऊन आल्या. तारेत दोनच शब्द होते, 'लीव्ह सँक्शन्ड'. दुसरा शब्द मला अजिबात माहीत नव्हता. पहिला माहीत होता: लीव्ह म्हणजे सोडणे. मी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं, "काकू, त्यांनी नोकरी सोडली." काकूंनी पदर तोंडाला लावला तो चौथ्या दिवशी मुलगा ट्रंक घेऊन रजेवर दारात उभा राहीपर्यंत काढला नाही. मग तो माझ्याकडे बघून नुसता हसला. मीही हसले. गल्लीने ठरवलं की तार चुकीची आली होती.

असा माझा लौकिक असताना बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी आमच्या घरी यांचं पत्र आलं. हे सैन्यात गाडी चालवायचे. लग्नाला सात वर्षं झाली होती, दोन मुलं झाली होती, आणि आमचा सगळा संसार रजेच्या दिवसांत झालेला. पत्रात होतं, की उत्तरेकडच्या एका छावणीत दोन वर्षांसाठी राहायला खोल्या मिळताहेत, बायकोमुलांना आणता येईल.

मी ते वाक्य मनात तीन वेळा वाचलं आणि मोठ्याने एकदा, कारण मामंजी, म्हणजे माझे सासरे, समोर बसून ऐकत होते.

"म्होरं वाच," मामंजी म्हणाले.

पुढे असं होतं, की तिथल्या शाळेत सगळं इंग्रजीत चालतं आणि जागा थोड्या आहेत. पण पूर्वी ती शाळा चालवणाऱ्या एक बाई आता साताऱ्यात राहतात. आपल्या भागातल्या फौजींची मुलं त्या बघतात, इंग्रजीत बोलून घेतात आणि चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी असली की शाळा अडवत नाही. 'मे महिन्यात थोरलीला त्यांच्याकडे ने. तोपर्यंत घरी इंग्रजी बोलायला शिकव. तुला येतंच.'

त्या 'तुला येतंच'वर माझी नजर जी अडकली ती हलेना.

मामंजींनी पानाची चंची गुंडाळली. "चिट्टी गावली तर जावा समदी," ते म्हणाले. "न्हाई गावली तर पोरगी हितं आपल्या साळंत जाईल. तिची साळा मोडून मी तिला तिकडं नुसती हिंडू द्यायचा न्हाई."

पोरगी इथं राहिली म्हणजे मी इथं राहिले, हे सांगायची गरज नव्हती. थोरली सहा वर्षांची होती, धाकटा तीन. चूल तीच, गोठा तोच, आणि वर्षाकाठी दोन महिन्यांचा नवरा. सगळं आता सहा वर्षांच्या पोरीच्या जिभेवर होतं, आणि त्या जिभेला वळण लावणार होते मी, इंग्रजीत नापास.

सहा महिने होते. मी कायदा केला: चुलीवर भाकरी चालू आहेत तोवर घरात इंग्रजीच बोलायचं. भूक लागलेलं पोर लवकर शिकतं, असा माझा हिशेब. पहिल्या दिवशीच अडलं. माझ्या इंग्रजीत टेबल होतं, पेन होतं, विंडो होती. चुलीपाशी यातलं काहीच नव्हतं. परातीला इंग्रजीत काय म्हणतात? उलथन्याला? राखेला? शेवटी मी मनाशी तडजोड केली, की साहेबाच्या घरात जी वस्तू नाही तिला साहेबाने नाव ठेवलं नसणार. "धिस इज उलथनं," मी म्हणायची. "धिस इज उलथनं," थोरली म्हणायची. "धॅट इज परात." धाकटा काहीच म्हणायचा नाही, नुसता हात पुढे करायचा आणि भाकरी मिळवायचा. त्या घरात भाषेचं मर्म कळलेला तो एकटाच होता.

आमच्या शिकवणीला खरा मास्तर मिळाला तो वेगळाच. मामंजींचं विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. थोरली रोज त्यांच्यामागे तिकडे जायची. एकदा संध्याकाळी येऊन ती माझ्यापुढे धडाधडा म्हणाली, "इंजिन, हँडल, नोझल, पिस्टन, फिल्टर, बेल्ट, नट, बोल्ट, वायसर."

मी हात पुसत बघतच राहिले. मामंजी पाय धुता धुता म्हणाले, "आगं, हे समदं इंग्रजीच हाय न्हवं?"

"होय मामंजी."

"मग मला लय येतंय की!"

त्या दिवसापासून त्यांची मान ताठ झाली. इंजिन बंद पडलं की पूर्वी ते त्याच्या सात पिढ्या काढत, आता नातीला घेऊन बसत आणि ती त्यांना माझ्याकडून शिकलेली वाक्यं ऐकवी: "इंजिन इज नॉट गुड. फिल्टर इज डर्टी. वॉटर इज नॉट कमिंग." माझी कोरडी वाक्यं आणि त्यांचे तेलकट शब्द मिळून पोरीचं इंग्रजी वाहायला लागलं. दोन महिन्यांत तिला गप्प करता येईना इतकी ती बडबडायला लागली, आणि तिथेच घोळ झाला.

घरी पाहुणे आले होते. मामंजी पारावर चार माणसांत बसलेले. मी थोरलीला म्हटलं, "जा, आबांना जेवायला बोलाव. इंग्रजीत बोलाव." मला पाहुण्यांपुढे मिरवायचं होतं, खोटं कशाला बोला. पोरगी पारापर्यंत धावत गेली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "ग्रँडफादर, कम! ईट!"

पारावरच्या कुणीतरी अर्थ विचारला. तिने प्रामाणिकपणे सांगितला: "आजोबा, ये. खा."

हसू एवढं फुटलं म्हणे, की झाडावरचे कावळे उडाले. एकजण म्हणाला, "नातीनं जेवाय बोलावलं का खोंडाला गव्हाणीवर?" मामंजी हसत हसतच घरी आले, पण जेवताना एक भाकरी कमी खाल्ली.

पाहुणे गेल्यावर माझ्या सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, मला समोर बसवलं. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या, पण उलटतपासणीत त्यांचा हात धरणारा वकील सगळ्या जिल्ह्यात नव्हता.

"'कम' म्हंजी 'ये' का 'या'?"

"दोन्ही, आत्याबाई."

"दोनी कसं आसंल? धाकट्याला काय म्हनायचं?"

"कम."

"आन् सासऱ्याला?"

"कम."

"आन् कुत्र्याला?"

मी ताटं गोळा करायला लागले.

"सायबाला काय आईबा न्हाईत व्हय गं?" त्या म्हणाल्या. "बरं, बापाविषयी बोलायचं तर काय म्हनती ती?"

"ही."

"ही?" आत्याबाईंनी हात गालाला लावला. "बापाला 'ही'? त्यो काय बाई हाय? आन् आईला?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. थोरलीनेच कोपऱ्यातून सांगितलं, "शी."

त्या दिवशी आत्याबाईंनी इंग्रजीचा स्वयंपाकघरातला मुक्काम बंदच केला असता. पण खरं सांगायचं तर मलाही ते आधीपासून टोचत होतं. ज्यांचं नाव मी सात वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं, ज्यांना मी 'अहो'च्या पुढे हाक मारली नव्हती, त्यांच्याविषयी पोरीला 'ही इज' शिकवताना माझी जीभ अडखळे. 'ही इज' म्हणजे 'तो आहे'. माझा नवरा 'तो'! कोण तो? कुठला तो?

दोन दिवस मी विचार केला. आणि मला शाळेतलं व्याकरण आठवलं, इंग्रजीचं नव्हे, मराठीचं, ज्यात मी बऱ्यापैकी होते. आदरार्थी बहुवचन. 'आजोबा आला' नाही म्हणत आपण, 'आजोबा आले' म्हणतो. एकच आजोबा, पण मानाला अनेक. इंग्रजीत अनेकवचन कसं होतं? एस लावून. डॉग, डॉग्स. मग फादर, फादर्स! इज नाही, आर. ही नाही, दे. मला इतका आनंद झाला, की परीक्षेत हे सुचलं असतं तर पास झाले असते असं वाटलं. परीक्षेत नेमकं असंच काही सुचलं होतं म्हणून नापास झाले होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मी आत्याबाईंना नवा कायदा समजावून सांगितला.

"एस म्हंजी त्यो यष्टीवर आसतोय त्यो?"

"तोच."

"आन् बापाला आता काय म्हनायचं?"

"दे."

त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून बघितला. "दे. ह्ये बरं हाय. बाप आला की पोरं 'दे'च म्हनत्यात." मग जरा थांबून, "आन् मला?"

"आजीला मराठीत एकेरीच असतं ना, आत्याबाई. आजी आली, आजी बसली."

"मराठीत आसू दे. इंग्रजीत मला त्यो एस लाव."

लावला. थोरली हुशार होती, तिला एकदाच सांगावं लागलं. ग्रँडफादर्स आर. ग्रँडमदर्स आर. फादर्स आर. पाहुणे, गुरुजी, तलाठी, सगळे आर. हाक मारतानाही एस: "ग्रँडफादर्स, कम्स! ईट्स!" पारावर मामंजींनी हा फरक सगळ्यांना समजावून सांगितला आणि त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

राहता राहिली आई. आईला मुलं अगंतुगंच करतात, त्यामुळे तिला एस लागत नव्हता. माय मदर इज. इज मध्ये पोरं सोडून घरातली कोण कोण राहिली ती एकदा थोरलीने बोटांवर मोजली: "आई, म्हैस आणि कुत्रं." मी भाकरी थापत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कायदा मीच केलेला होता.

मे महिन्यात आम्ही साताऱ्याला निघालो: मी, थोरली आणि मामंजी. कडेगावातून कराड, कराडला गाडी बदलून सातारा. मामंजींनी ठेवणीतला फेटा बांधला होता आणि मांडीवर गुळाची एक लहान ढेप, नव्या पंच्यात बांधलेली. कराडपर्यंत त्यांनी नातीची उजळणी घेतली. शेजारचा एक गृहस्थ बराच वेळ ऐकत होता, शेवटी त्याने विचारलं, "पोरगी फिटरच्या परीक्षेला बसतीय काय?"

बाईंचं घर किल्ल्याच्या बाजूला चढावर होतं, पुढे जाळीचा व्हरांडा आणि कुंड्या. बाई साठीच्या, केस आखूड कापलेले, सुती पातळ, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांनी आम्हांला बसायला सांगितलं. मराठीतच बोलल्या, पण शब्द मोजून दिल्यासारखे. मामंजींनी ढेप टेबलावर ठेवली. बाईंनी ती तितक्याच शांतपणे उचलून त्यांच्या खुर्चीपाशी खाली ठेवली. "हे नंतर बघू," त्या म्हणाल्या.

आमच्या आधी एक मुलगा आत होता. त्याचे वडील वडूजकडचे सुभेदार. मुलाने दोन लांब कविता न चुकता म्हटलेल्या आम्हांला बाहेर ऐकू आल्या. आम्ही कविता पाठ केलीच नव्हती. मग बाईंनी त्याला काहीतरी साधं विचारलं, सकाळी काय खाल्लं असं काहीतरी, आणि आतून आवाजच येईना. तो बाहेर आला तेव्हा रडवेला झाला होता. सुभेदार त्याच्याकडे बघतच नव्हते. मी थोरलीचा हात धरला तो घामाने निसटायला लागला. घाम कुणाचा होता कळेना.

मग बाईंनी व्हरांड्यात येऊन थोरलीला जवळ उभं केलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुझे वडील काय करतात?"

थोरली म्हणाली, "माय फादर्स आर इन मिलिटरी. दे आर ड्रायव्हर."

बाईंनी चष्मा लावला. "हाऊ मेनी फादर्स?"

"वन फादर्स," थोरली म्हणाली, ही बाई मोठी असून एवढं कसं कळत नाही अशा सुरात.

"अँड मदर?"

"माय मदर इज हिअर." बोट माझ्याकडे. "शी इज अफ्रेड."

आता हा 'अफ्रेड' शब्द तिला मी शिकवला होता, विहिरीच्या काठावर जायचं नाही म्हणून. तो ती माझ्यावरच चालवेल असं वाटलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा तिच्याकडे वळल्या. घरी आणखी कोण? "ग्रँडफादर्स आर हिअर. ग्रँडमदर्स आर ॲट होम. दे आर अँग्री." का म्हणून? "बिकॉज म्हैस इज नॉट गिव्हिंग मिल्क." आणि आजोबा काय करतात? इथे पोरीचा बांध फुटला. ग्रँडफादर्सचं इंजिन इज ओल्ड. मॉर्निंगला स्टार्ट होत नाही. ग्रँडफादर्स आर पुलिंग हँडल, इंजिन इज साउंडिंग फट फट, देन स्टॉप. देन ग्रँडफादर्स आर बीटिंग इंजिन. देन नोझल इज क्लीन. देन वॉटर इज कमिंग अँड शुगरकेन इज ड्रिंकिंग! तिने हात असे पसरले की कुंडी पडता पडता राहिली.

मामंजींना कळलं ते एवढंच, की आपल्या इंजिनाचं नाव निघालं आहे. ते खुर्चीत पुढे सरकून प्रत्येक शब्दाला मान हलवत होते.

बाईंनी हलणारी कुंडी धरून सरळ ठेवली. मग मला म्हणाल्या, "हे एस कुणी शिकवले?"

गावच्या गुरुजींवर ढकलता आलं असतं. गुरुजी तिकडे गावात होते, त्यांना काय समजणार होतं. पण थोरली माझ्याकडे बघत होती.

"मी," म्हटलं.

"तुमचं शिक्षण?"

"मॅट्रिकपर्यंत."

"पर्यंत?" बाईंनी तो शब्द असा उचलला, जसं तांदळातून खडा उचलावा. आयुष्यभर मुलांच्या थापा ऐकलेली बाई ती.

मामंजी शेजारी बसले होते. सात वर्षं सांभाळलेलं ते 'पर्यंत' मी खाली ठेवलं. "इंग्रजीत नापास आहे बाई. पोरीची काही चूक नाही. मला त्यांना 'ही' म्हणवेना, म्हणून मी एस लावला. तिला सांगितलं तसं ती बोलते. दुसरं सांगितलं असतं तर तसं बोलली असती."

माझ्या मनात छावणीतल्या खोल्यांचं दार लावून झालं होतं. आता मामंजींकडे बघायचं धैर्य नव्हतं. तेवढ्यात तेच खाकरले.

"आमास्नी ठावं हाय की ते."

"काय?" मी म्हटलं.

"नापास हाईस ते. तुझ्या बानं लगीन ठरवतानाच सांगितलं हुतं. सरळ मानूस."

"आणि... आत्याबाईंना?"

"तिलाबी ठावं हाय."

"मग मामंजी, गावभरच्या तारा माझ्याकडे कशाला पाठवत होतात?"

"दुसरं कोन हुतं?" मामंजी म्हणाले.

बाई हसल्या. आधी ओठांतल्या ओठांत, मग चष्मा काढून डोळे टिपण्याइतक्या. मग म्हणाल्या, की त्यांचे यजमान फौजेत अधिकारी होते, आणि त्यांच्याबद्दल त्या वर्षानुवर्षं इंग्रजीत 'ही' म्हणत आल्या. पाटणला माहेरी गेल्या आणि मराठीत बोलायची वेळ आली की मात्र 'हे' म्हणायच्या. "मला कधी वाटलंच नाही, की इंग्रजीतसुद्धा त्यांना 'हे' करता येईल," त्या म्हणाल्या. मग आवाज पुन्हा मास्तरणीचा झाला. "व्याकरण चूक आहे. सगळं चूक आहे. ते शाळा महिन्याभरात काढून टाकेल. पण आज सकाळपासून पाच मुलं आली, त्यांतलं हे एकटं माझ्याशी बोललं. बाकीची म्हणून दाखवत होती."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. चार ओळी. पाकिटात घातली, पण चिकटवली नाही. मग वाकून खालची गुळाची ढेप उचलली आणि टेबलावर ठेवून घेतली.

एसटी स्टँडवर मामंजी म्हणाले, "वाच, काय लिवलंया."

मी चिठ्ठी काढली. अक्षर सुंदर होतं. पहिल्या तीन ओळी लागल्या: ही मुलगी न घाबरता बोलते, तिला घ्यावं, तिचे अनेकवचनी वडील तुमच्याच छावणीत आहेत. चौथ्या ओळीत मला न कळणारा एक शब्द होता. जुन्या सवयीने भुवया आक्रसल्या. मग म्हटलं, आता कशाला?

"शेवटचं येत नाही मामंजी."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "जेवनानंतर घ्या आसंल."

म्हणजे बाटल्यांचंसुद्धा त्यांना माहीत होतं.

जूनमध्ये आम्ही गेलो. तीन दिवसांच्या प्रवासाबद्दल लिहीत नाही. धाकट्याने तेवढ्यात दोनदा गाडीबाहेर चप्पल टाकली एवढंच. स्टेशनवर हे उभे होते. थोरलीने खिडकीतूनच बघितलं आणि फलाटभर ऐकू जाईल अशी ओरडली, "फादर्स आर कम! फादर्स आर कम!" समोरच्या बाकावरच्या एका सरदारजीने खिडकीबाहेर डोकं काढून मागे-पुढे बघितलं. त्याला एकच हडकुळा ड्रायव्हर दिसला, तोही मान खाली घालून हसणारा.

बाईंनी म्हटल्याप्रमाणे शाळेने महिन्याभरात सगळं काढून टाकलं. एका दुपारी थोरली शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि मला म्हणाली, "आई, तू चुकीचं शिकवलंस. फादरला इज लागतं. सगळ्यांना इज लागतं. म्हण: माय हजबंड इज ॲट होम."

हे खरोखरच घरी होते. खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होते. मी म्हटलं, "मला नाही येत."

"म्हण ना!"

मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "माय हजबंड... इज... ॲट होम."

ब्रश थांबला. "हे इज काय प्रकरण आहे?" यांनी विचारलं. मग मी सगळंच सांगितलं; पार, आत्याबाई, एस, आर, आणि 'पर्यंत'सुद्धा. ते शेवटचं त्यांनाही माहीत होतं, हे सांगायला नको. सगळ्या घराला माहीत असलेलं गुपित मी एकटी सांभाळत होते.

"म्हणजे इतके दिवस मी आर मध्ये होतो," ते म्हणाले. "आणि इज मध्ये कोण कोण होतं?"

"मी, म्हैस आणि कुत्रं."

त्यांनी बूट उजेडात धरून बघितला. "बरं झालं काढलंत तिकडून. एवढं अनेकवचन लावलं होतं, आणि होतो एकटाच."

मी चहा ठेवायला उठले. स्टोव्हला पंप मारत होते तेवढ्यात थोरलीने मागून विचारलं, "आणि आजीला? आजीचा पण एस काढायचा?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कडेगाव तिथून तीन दिवसांच्या अंतरावर होतं.

"आजीचा राहू दे," हे म्हणाले.